पुढच्या दातांचं काम काढताय? आधी क्रम ठरवा, मग पैसे

लग्नसराई तोंडावर आली की डेंटिस्टच्या खुर्चीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "डॉक्टर, पुढच्या महिन्यात लग्न आहे, तेवढ्यात दात छान करून द्या." महिन्याभरात दात साफ होतात, थोडे उजळतात, एखादा तुटका कोपरा भरून निघतो. वाकडे दात सरळ होत नाहीत. तरीही ते महिन्यात सरळ दिसायलाच हवे असतील, तर एकच रस्ता उरतो: चांगले दात घासून त्यांवर कॅप बसवायच्या. फोटो सुंदर येतात, पण दातावरचं कडक कवच, म्हणजे इनॅमल, एकदा घासलं की पुन्हा उगवत नाही. पंचविशीत घासलेला दात पुढे आयुष्यभर कॅपच्या भरवशावर राहतो.

म्हणून सौंदर्यासाठी दातांचं काम करायचं असेल तर जे मागे घेता येतं ते आधी आणि जे मागे घेता येत नाही ते सगळ्यात शेवटी, हा क्रम मी प्रत्येकाला सांगते. पैशांचंही तसंच ठेवायचं. काम जसं पुढे सरकेल तसे पैसे द्यायचे.

तक्रार नेमकी कशाची आहे?

"माझे दात चांगले दिसत नाहीत" या एका वाक्यात चार-पाच वेगळ्या तक्रारी असतात: रंग, फट, वाकडेपणा, झिजलेली किंवा तुटलेली कड, हसताना जास्त दिसणारी हिरडी. प्रत्येकीचा उपाय वेगळा आणि खर्चही वेगळा. डॉक्टरांकडे जायच्या आधी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात तीन फोटो काढा. एक मोकळं हसताना, एक ओठ बाजूला ओढून, एक बाजूने. ते बघून काय खटकतं ते दोन ओळींत लिहा. हा कागद हातात असला की दवाखान्यात कोणी दहा दातांचं "स्माईल डिझाइन" सुचवलं, तरी आपण खरं तर दोनच दातांसाठी आलोय हे लक्षात राहतं.

रंगाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. चहा, तंबाखू आणि मिश्रीचे डाग दाताच्या वर बसलेले असतात. घरातल्या एखाद्या काकू किंवा आजी वर्षानुवर्षं मिश्री लावत असतील तर त्यांचे दात साध्या क्लीनिंगनेच बरेच उजळतात. ज्यांचं लहानपण यवतमाळ, चंद्रपूर किंवा नांदेड भागात, फ्लोराइड जास्त असलेल्या पाण्यावर गेलं, त्यांच्या दातांवरचे खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे दाताच्या जडणघडणीतच असतात. ते क्लीनिंगने जात नाहीत. नुसतं ब्लीचिंग, म्हणजे औषधाने दात उजळवणं, केलं तर कधी कधी पांढरा पट्टा आणखी उठून दिसतो. अशा दातांसाठी वरचा अगदी पातळ थर घासण्याची मायक्रोअ‍ॅब्रेजन पद्धत किंवा पट्ट्यात रेझिन (प्लास्टिकसारखा पातळ पदार्थ) मुरवण्याची पद्धत आधी विचारावी. डाग खोल नसतील तर व्हेनिअरची, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायच्या पातळ कवचाची, गरजच पडत नाही. आणि एकच दात काळवंडला असेल, लहानपणी पडल्या-आपटल्याचा इतिहास असेल, तर आधी एक्स-रे. आतली नस मेलेली असू शकते. तिथे रूट कॅनल करून दात आतून उजळता येतो आणि शेजारच्या चांगल्या दातांना हातही लावावा लागत नाही.

कोणाकडे जायचं?

बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पहिली पदवी घेतलेले डॉक्टर क्लीनिंग, फिलिंग, साधं बाँडिंग (दाताच्या रंगाचं मटेरियल दातावर चिकटवणं) चांगलं करतात. मोठ्या कामासाठी एमडीएसची, म्हणजे पदव्युत्तर पदवीची, शाखा बघा. व्हेनिअर, कॅप, ब्रिज, कवळी हे प्रोस्थोडॉन्टिस्टचं क्षेत्र. तारा आणि अलाइनर (दात हळूहळू सरकवणारे पारदर्शक साचे) ऑर्थोडॉन्टिस्टचं. रूट कॅनल आणि दाताच्या रंगाचं फिलिंग एंडोडॉन्टिस्टचं, तर हिरड्यांचं पेरिओडॉन्टिस्टचं. बऱ्याच दवाखान्यांत हे तज्ज्ञ ठरावीक वारी येतात, त्यामुळे "माझे दात प्रत्यक्ष कोण करणार?" हे नावानिशी विचारा. केसपेपरवर डॉक्टरांचा महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. पार्लरमध्ये कोणी दात पांढरे करून देत असेल तर तिथून बाहेर पडा. हे काम नोंदणीकृत डेंटिस्टचंच आहे.

बजेट आखडतं असेल तर पुण्याइतकी सोय फार थोड्या शहरांत आहे. धनकवडीचं भारती विद्यापीठ, पिंपरीचं डॉ. डी. वाय. पाटील, वडगावचं सिंहगड आणि कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, या डेंटल कॉलेजांच्या ओपीडीत खाजगी दवाखान्यापेक्षा बरेच कमी पैसे लागतात. काम पदव्युत्तर विद्यार्थी करतात आणि शिक्षक टप्प्याटप्प्याला तपासतात. वेळ मात्र जास्त जातो. एका भेटीत अर्धा दिवस मोडला असं समजून चला आणि रजा मोजा. नोकरदार माणसाच्या चार-पाच रजा गेल्या तर वाचलेल्या पैशातला बराचसा भाग तिथेच जातो. विद्यार्थी किंवा निवृत्त माणसाला मात्र हा पर्याय फार चांगला. तारांसाठी तर मी कॉलेजचं नाव आवर्जून सुचवते, कारण तिथे घाई नसते आणि प्रत्येक टप्प्याची नोंद राहते.

दोन ठिकाणी तरी मत घ्या. पहिल्या ठिकाणी काढलेला ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, दुसरीकडे घेऊन जा, पण पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते लगेच उघड करू नका. दोघांचं निदान जुळलं तर निर्धास्त व्हा. एकाने सहा दात सांगितले आणि दुसऱ्याने दोन, तर तिसरं मत घ्या. तीन-चारशे ते हजार रुपयांच्या तपासणी फीने इथे लाखभर वाचू शकतात.

पाया आधी

हिरड्यांतून रक्त येत असताना व्हेनिअरचं माप घेऊ नये. सुजलेली हिरडी बरी झाली की खाली बसते आणि नव्या व्हेनिअरची कड उघडी पडते. आधी क्लीनिंग, किडलेल्या दातांचं फिलिंग, गरज असेल तिथे रूट कॅनल, मग दोन-तीन आठवडे थांबून हिरड्या पुन्हा तपासणं. मधुमेह असेल तर एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, ताजा रिपोर्ट सोबत न्या, कारण साखर आटोक्यात नसेल तर हिरड्या आणि इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचं कृत्रिम दाताचं मूळ) दोन्ही नीट भरून येत नाहीत. रात्री झोपेत दात खायची सवय असेल तर घरच्यांना विचारून खात्री करा आणि डॉक्टरांना न विसरता सांगा. त्यांना नाइट गार्डची, म्हणजे झोपताना दातांवर घालायच्या संरक्षक साच्याची, तरतूद करावी लागते, नाहीतर महागाचे व्हेनिअर वर्षा-दोन वर्षांत तडकतात.

पर्याय, सौम्यापासून सुरुवात करून

पुढचे आकडे पुण्यातल्या खाजगी दवाखान्यांचा ढोबळ अंदाज म्हणून घ्या. कोरेगाव पार्क किंवा बाणेरचा दर आणि सदाशिव पेठेतल्या किंवा हडपसरच्या जुन्या दवाखान्याचा दर यांत बराच फरक पडतो.

क्लीनिंगला हजार-दीड हजार. दात उजळवण्यासाठी दवाखान्यात बसून केलं तर सहा ते पंधरा हजार. घरी रात्री घालायचा ट्रे आणि जेल मिळतं ते साधारण त्याहून स्वस्त, हळू आणि बहुतेकांना जास्त सोसणारं. दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. ब्लीचिंगने कॅप, व्हेनिअर किंवा जुन्या फिलिंगचा रंग बदलत नाही, म्हणून उजळवणं आधी आणि बाँडिंग, व्हेनिअर, कॅप नंतर. शिवाय ब्लीचिंगनंतर निदान दोन आठवडे थांबूनच बाँडिंग करायचं, म्हणजे रंग स्थिर होतो आणि फिलिंगही पक्कं चिकटतं. गरोदरपणात हे काम पुढे ढकलावं.

पुढच्या दोन दातांमधली छोटी फट किंवा उडालेला कोपरा यासाठी कॉम्पोझिट बाँडिंग हा माझ्या मते सगळ्यात कमी कौतुक झालेला पर्याय आहे. एका दाताला दोन ते सहा हजार, बहुतेकदा एकाच बैठकीत, आणि दात घासावा लागत नाही किंवा नाममात्र घासावा लागतो. पाच-सात वर्षांनी दुरुस्ती लागते, चहाचे डाग धरतं, हे खरं. पण ते काढता येतं. आयुष्यात पहिल्यांदाच दातांचं काम करणाऱ्या तरुण माणसाने इथून सुरुवात करावी.

दात वाकडे असतील तर ते सरळ करणं हाच खरा उपाय. धातूच्या तारांना साधारण तीस ते साठ हजार, सिरॅमिकच्या तारांना त्याहून जास्त, अलाइनरला साठ हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत. तारांचं काम दीड ते दोन वर्षं चालतं. ते संपल्यावर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारा साचा किंवा तार, वापरावाच लागतो. तो सोडला तर दात पुन्हा जागा बदलतात आणि सगळा खर्च फुकट जातो. घरपोच किट पाठवून, एक्स-रे न काढता, कोणी अलाइनर देत असेल तर नको म्हणा.

पोर्सलेन व्हेनिअरला एका दाताला आठ ते वीस हजार. दात साधारण अर्धा मिलिमीटर घासावा लागतो. तेवढंच, पण कायमचं. चांगले व्हेनिअर दहा-पंधरा वर्षं टिकतात. म्हणजे पंचविशीत बसवले तर पुढच्या चाळीस वर्षांत ते दोन-तीनदा बदलावे लागणार, आणि तो खर्च आजच्या हिशेबात धरायला हवा. पूर्ण कॅपला व्हेनिअरपेक्षा कितीतरी जास्त दात जातो. ज्या दाताचं रूट कॅनल झालंय किंवा जो बराच तुटलाय त्याला कॅप योग्यच आहे. पण निरोगी पुढच्या दाताला फक्त रंगासाठी कॅप सुचवली, आणि त्यासाठी आधी रूट कॅनल करून टाकू असंही सुचवलं, तर त्या खुर्चीवरून उठा.

ट्रायलशिवाय हो म्हणू नका

व्हेनिअर करायचं ठरलंच तर दात घासायच्या आधी मॉक-अप मागा. डॉक्टर तुमच्या दातांच्या मापावर मेणात किंवा कॉम्प्युटरवर नवा आकार तयार करतात आणि त्याच आकाराचं तात्पुरतं मटेरियल तुमच्या न घासलेल्या दातांवर चढवतात. दहा-पंधरा मिनिटांत नवे दात आरशात दिसतात आणि नको वाटले तर काढूनही टाकता येतात.

या ट्रायलमध्ये नुसतं आरशात बघू नका, बोला. "व" आणि "फ" म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकेच टेकते. "वाफ", "फवारा", "वावर", "सव्वाशे" असे शब्द मोठ्याने म्हणा. ओठ दातावर आपटत असेल तर दात लांब झालेत. मग "सासू", "शेवट", "सहासष्ट" म्हणा. शिटी वाजल्यासारखा आवाज आला तर कडेची जाडी बदलायला हवी. माझ्या भाचीच्या ट्रायलला "व" म्हणताना प्रत्येक वेळी ओठ दाताखाली सापडत होता. डॉक्टरांनी दोन दातांची कड जागच्या जागी थोडी कमी केली आणि उच्चार मोकळा झाला. पोर्सलेन तयार होऊन आल्यावर तीच दुरुस्ती एवढी सोपी राहिली नसती.

रंग निवडताना लिपस्टिक पुसून जा आणि भेटीच्या सुरुवातीलाच, खिडकीच्या उजेडात शेड ठरवा. तोंड उघडं राहिलं की दात कोरडे पडतात आणि काही वेळापुरते जास्त पांढरे दिसतात. अर्ध्या तासाने निवडलेली शेड म्हणून फसवी निघते. सोबत बहीण किंवा आईला न्या. मोबाइलच्या पडद्यावर सगळ्यात पांढरी शेड आवडते, घरातल्या माणसाला मात्र ती लगेच खटकते. शेड गाइडवरचा (दातांच्या रंगांच्या नमुन्यांच्या पट्टीवरचा) क्रमांक केसपेपरवर लिहून घ्या.

एस्टिमेट कागदावर

"सहा दातांचे बहात्तर हजार" हा आकडा अपुरा असतो. एका दाताला बारा हजार धरले तर बहात्तर हजार होतात, पण त्यात क्लीनिंगचे दीड हजार, ब्लीचिंगचे दहा हजार, दोन फिलिंगचे तीन हजार, मॉक-अपचे पाच हजार आणि नाइट गार्डचे पाच हजार मिळवले की बेरीज ९६,५०० वर जाते. यात कोणी फसवत असतं असं नाही, प्रश्न फक्त दाताचा विचारलेला असतो आणि उत्तरही तेवढंच मिळतं. म्हणून लेखी एस्टिमेटमध्ये हे मागा: कोणत्या दातांवर काय, कोणतं मटेरियल आणि कोणत्या कंपनीचं, किती भेटी, लॅबचा खर्च धरलाय का, टेम्पररी कॅप निघाली तर पुन्हा बसवायचे पैसे लागतील का, वर्षभरात तडा गेला तर काय, आणि जीएसटी. आरोग्यसेवेला जीएसटी माफ आहे, पण अपघात किंवा जन्मजात दोष नसताना फक्त दिसण्यासाठी केलेल्या कॉस्मेटिक सर्जरीला ती माफी नाही. तुमच्या बिलात तो लागणार की नाही ते आधीच विचारलेलं बरं.

झिर्कोनियाच्या (एका मजबूत सिरॅमिकच्या) कॅपबरोबर पाच, दहा किंवा पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड मिळतं. ते बहुतेक वेळा लॅबचं आणि फक्त त्या वस्तूपुरतं असतं. कॅप बदलून मिळाली तरी डॉक्टरांच्या कामाचे पैसे पुन्हा लागू शकतात. हे त्याच दिवशी विचारून घ्या.

पैसे कसे उभे करायचे, कसे द्यायचे

विम्यावर भरवसा ठेवू नका. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत कॉस्मेटिक उपचार वगळलेले असतात, अपघातानंतर अवयव पूर्ववत करण्याचा अपवाद सोडून. दातांचे साधे उपचारही बहुतेक पॉलिसींत नसतात. काही पॉलिसींत किंवा कंपनीच्या ग्रुप विम्यात ओपीडीची ठरावीक रक्कम असते, तिच्यातून निदान फिलिंग आणि रूट कॅनल निघतं. म्हणून उपचाराची आणि सौंदर्याची बिलं वेगवेगळी मागा.

तारांचं काम मुळातच हप्त्यांचं. सुरुवातीला काही रक्कम आणि मग दर भेटीला थोडी, असं बहुतेक ऑर्थोडॉन्टिस्ट करतात, आणि त्याला व्याज नसतं. व्हेनिअरला मी असा वाटा सुचवते: मॉक-अपपर्यंत फक्त तपासणी आणि मॉक-अपचे पैसे, माप लॅबला जाताना निम्मे, बसवल्यावर उरलेले, आणि शक्य असेल तर थोडी रक्कम पंधरा दिवसांच्या तपासणीनंतर. "आजच पूर्ण भरलेत तर वीस टक्के सूट" हे ऐकून लगेच कार्ड पुढे करू नका. काम घाईचं नसेल तर वर्षभराची आरडी किंवा घरातली भिशी हा सगळ्यात स्वस्त मार्ग, आणि त्या वर्षात ब्लीचिंग-बाँडिंग करून बघायलाही वेळ मिळतो. पुष्कळांचं समाधान तेवढ्यावरच होतं.

हप्ते घ्यायचेच असतील तर आकडे उलगडून बघा. एक लाख रुपये बारा महिन्यांसाठी, "फ्लॅट दहा टक्के" म्हणजे हप्ता सुमारे ९,१६७ रुपये आणि व्याज दहा हजार. ऐकायला दहा टक्के, पण मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर लावलेलं असतं, त्यामुळे खरा दर अठरा टक्क्यांच्या आसपास पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक नव्या वैयक्तिक कर्जासोबत की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो कागद बघितल्याशिवाय ओटीपी सांगू नका.

क्रेडिट कार्डावरचा "नो कॉस्ट ईएमआय"ही नीट समजून घ्या. बँक व्याज घेतेच, दुकानदार किंवा दवाखाना तेवढी सूट आधी वजा करून देतो. पंधरा टक्के दराने एक लाखाच्या बारा हप्त्यांत साधारण ७,७०० रुपये व्याज दडलेलं असतं, आणि त्या व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ चौदाशे रुपये, शिवाय प्रोसेसिंग फी, तुमच्या बिलात येते. तेव्हा आधी विचारा, "एकरकमी दिले तर किती?" दवाखाना व्याजाचा भार उचलायला तयार असेल तर तेवढी सूट रोखीच्या ग्राहकालाही देता येते.

यातला मोठा धोका वेगळाच आहे. कर्जाची रक्कम बहुतेकदा पहिल्याच दिवशी पूर्ण दवाखान्याला किंवा कंपनीला मिळते. नंतर काम रखडलं तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. अमेरिकेत स्माईलडायरेक्टक्लब ही अलाइनरची मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली तेव्हा लोकांचे उपचार अर्धवट राहिले आणि हप्त्यावर घेतलेल्यांना हप्ते भरत राहा असं सांगितलं गेलं. दीड-दोन वर्षं चालणाऱ्या कामासाठी पूर्ण रकमेचं कर्ज टाळायचं ते यासाठी.

रोखीने देत असाल तर पावती घ्याच. एका कामापोटी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, त्यामुळे मोठी रक्कम यूपीआय, चेक किंवा कार्डने द्या. पुढे तक्रारीची वेळ आली तर तोच पुरावा.

तारखेपासून मागे मोजा

लग्नाची तारीख धरून उलटं मोजायचं. सगळं काम एक महिना आधी संपलं पाहिजे, म्हणजे बोचणारी कड किंवा उच्चारातली अडचण दुरुस्त करता येते. व्हेनिअरला तीन-चार भेटी आणि लॅबसकट तीन ते चार आठवडे. त्याआधी ब्लीचिंग आणि त्यानंतरचे दोन आठवडे. त्याआधी हिरड्या आणि फिलिंगचा महिना. म्हणजे व्हेनिअरसाठी निदान चार महिने. इम्प्लांट हाडात पक्कं बसायला तीन ते सहा महिने लागतात, तारांना दीड-दोन वर्षं. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू असतानाच घरात स्थळांचं बोलणं सुरू होतं, तारांचा विषय तेव्हाच काढावा. मुलांच्याही बाबतीत.

काम संपल्यावर एक्स-रे, शेडचा क्रमांक, वॉरंटी कार्ड, आधीचे-नंतरचे फोटो आणि सगळ्या पावत्या एका फाइलमध्ये लावा. बदली होऊन बंगळुरूला गेलात तर तिथल्या डॉक्टरांना हेच लागेल. तुमच्या नोंदींची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. काम बिघडलं तर आधी त्याच डॉक्टरांना लेखी कळवा आणि दुरुस्तीची संधी द्या, बहुतेक प्रश्न तिथे सुटतात. नाही सुटला तर दुसऱ्या एमडीएस डॉक्टरांचं लेखी मत घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, मुदत मात्र दोन वर्षांची आहे. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दलची तक्रार राज्य दंत परिषदेकडे जाते.